डोक्याची उमेदवारी

पिंपळे गुरवमध्ये भोसरी-चाकणच्या कारखान्यांत उमेदवारी करणारी मुले पुष्कळ आहेत. ती काम शिकतात ते पाहून. जुना कारागीर लेथवर जॉब कसा बांधतो, कट किती घेतो, हे डोळ्यांसमोर घडते. गणित किंवा रोगनिदान मात्र डोक्यात घडते. शिक्षक फळ्यावर उत्तर मांडतात; कुठल्या वाटा सोडून ते तिथे पोचले, हे मुलाला दिसत नाही. मग 'वर्गात समजलं होतं, घरी जमत नाही' ही तक्रार येते.

अ‍ॅलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राउन आणि सुसान न्यूमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये यावर जी पद्धत मांडली, तिचे नाव कॉग्निटिव्ह अप्रेंटिसशिप. सरळ मराठीत डोक्याची उमेदवारी. शिक्षकाने स्वतःचा विचार मोठ्याने बोलत काम करून दाखवायचे, मग विद्यार्थ्याला करू द्यायचे. अडेल तिथे आधार द्यायचा आणि जमू लागले की तो हळूहळू काढून घ्यायचा. विद्यार्थ्यानेही आपला विचार बोलून दाखवायचा.

आमच्या क्षेत्रातले उदाहरण घेऊ. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असेल तर तो जलद, हे वाक्य नव्या आशाताईंना पाच मिनिटांत पाठ होते. प्रत्यक्ष बाळापुढे ते अपुरे पडते. म्हणून शिकवताना बोलावे लागते: 'बाळ रडतंय, आत्ता मोजलं तर आकडा फसवेल, थांबू या. आता शांत झालं. झबलं वर करा, पोटाकडे बघा. तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच थबकतो. म्हणून अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची नाही. चौसष्ट आले? पुन्हा एकदा मोजू. छाती आत ओढली जाते का, बाळ नीट दूध पितं का, तेही बघू.' पुढच्या बाळाला ताईंनी मोजायचे आणि बोलायचेही त्यांनीच. आपण गप्प बसायचे. डॉक्टरांना हेच सर्वांत अवघड जाते.

असे शिकणे किती दूर जाऊ शकते, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची घरीच तपासणी आणि उपचार शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासणे देशभरातल्या आशांचे काम झाले. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी बंग यांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे साधन बनवले होते. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनियाचा संशय. आधार म्हणजे काय, हे मला त्या मण्यांइतके कुठल्याच पुस्तकाने समजावले नाही.

ऑनलाइन वर्गात आपण नेमके उलटे करतो. चाळीस मिनिटे शिक्षक बोलतो, मुलाचा कॅमेरा बंद, आणि शेवटी 'काही शंका?'. शिक्षक दिसतो, मुलाचे डोके दिसत नाही. उपाय महागडे नाहीत. व्हिडिओ उत्तराच्या आधी थांबवावा आणि पुढची पायरी कोणती, का, हे मुलाने मिनिटभराच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगावे. श्वास मोजण्यासाठी तर व्हिडिओ एका बाबतीत वॉर्डपेक्षा सरस आहे. वीस जणी एकाच बाळाचे तेच मिनिट मोजू शकतात. एकीचे ४८ आणि दुसरीचे ६४ आले, की खरा धडा तिथून सुरू होतो. अर्थात हाताखाली खरे बाळ आल्याशिवाय शिक्षण पुरे होत नाही.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे जमायचे, असे शिक्षक विचारतील. रोज प्रत्येकाला ऐकणे शक्यच नाही. जोड्या लावाव्यात, एकाने गणित सोडवताना बोलावे, दुसऱ्याने फक्त 'असं का?' विचारावे, मग अदलाबदल. घरी आईवडिलांनाही हे करता येईल, त्यांना ते गणित येत नसले तरी. फक्त प्रश्न बरोबर आलेल्या उत्तरालाही विचारावा, नाहीतर 'असं का?' म्हणजे 'चुकलं' असे मूल आठवड्यात ओळखते आणि बोलणे बंद करते.