‘आठ एमएम’ म्हणजे नेमकं किती? एका गेजच्या शोधाची गोष्ट

मागच्या दिवाळीत रात्री साडेअकराला अमेरिकेतून मावसभावाचा मेसेज आला. “तू कॉम्प्युटरवाला ना? मला एक गेज शोधून दे. मी तीन आठवडे शोधतोय, मिळत नाहीये.”

दादा तिकडे एका नेमबाजी क्लबचा मेंबर आहे. त्याने एक जुनी ऑस्ट्रियन रायफल विकत घेतली होती, मॅनलिखर एम १८९५. शंभरीच्या पुढची. तिची काडतुसं साध्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून त्याला ती स्वतः भरायची होती. याला रिलोडिंग म्हणतात. गोळी झाडल्यावर उरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची आणि तिच्यात नवं प्रायमर, दारू आणि गोळी बसवायची. अमेरिकेत हा कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे तसं नाही. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे या लेखात दारू किती आणि कशी, यातलं काहीही नाही. विषय फक्त मापाचा आहे.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. सर्च करू, लिंक पाठवू, झोपू. त्याला दोन महिने लागले. आणि शेवटी कळलं की आम्ही भलतीच वस्तू शोधत होतो.

गेज म्हणजे मोजपट्टी नव्हे

इंजिनिअरिंगला मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज हातात आलं होतं. तेव्हा व्हायवापुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. आता त्याचा अर्थ कळतोय.

कॅलिपर तुम्हाला आकडा देतं. गेज आकडा देत नाही, ते हो किंवा नाही सांगतं. ‘गो’ गेज आत गेलंच पाहिजे आणि ‘नो-गो’ गेज आत जाताच कामा नये. दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच वस्तू पास. कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. आपण फंक्शनला किमान आणि कमाल मर्यादेवर टेस्ट करतो, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे टेस्ट केस पोलादाची असते.

१९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रज माणसाने यामागचं तत्त्व मांडलं. ‘गो’ गेजने सगळी मापं एकाच वेळी तपासायची, ‘नो-गो’ने मात्र एकेक माप वेगळं. कारण सोपं आहे. वस्तू बसायची तर सगळीच मापं जुळली पाहिजेत, पण ती नापास व्हायला एक माप चुकलेलंही पुरतं.

कागदाएवढी जागा

रायफलचा बोल्ट बंद केला की काडतूस चेंबरमध्ये बसतं. ते पुढे कशाला तरी टेकतं आणि मागे बोल्टचा चेहरा असतो. या दोन टेकूंमधल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. काही काडतुसं खांद्यावर टेकतात, म्हणजे पुंगळी जिथे निमुळती होते तिथे. काहींच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते, ती रिम. मग ती रिम टेकते आणि हेडस्पेस रिमच्या जाडीवर ठरतो.

किती फरक चालतो? पॉइंट ३०८ विंचेस्टर हे अमेरिकेतलं अगदी रुळलेलं काडतूस घ्या. त्याचं ‘गो’ गेज १.६३० इंचाचं आणि ‘नो-गो’ १.६३४ इंचाचं असतं. मिलिमीटरमध्ये ४१.४० आणि ४१.५०. दोघांत फरक एक दशांश मिलिमीटर, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी.

जागा जास्त झाली तर काय होतं ते दादाने मला फोनवर सांगितलं, आणि माझी झोप उडाली. याच पॉइंट ३०८ मध्ये दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. आपल्या कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ असतो. एवढ्या दाबाखाली पुंगळी मागे रेटली जाते, बुडाच्या जरा वर ताणली जाते आणि तिथली भिंत पातळ होते. तीच पुंगळी पुन्हा पुन्हा वापरली तर एक दिवस ती तिथेच तुटते आणि तापलेला वायू मागच्या बाजूला येतो. मागच्या बाजूला नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो.

साताऱ्याच्या मावशीला यातलं थोडंसं कळलं. तिचा निरोप एका ओळीचा होता, “त्याला सांग, डोळे दोनच असतात.”

गेजचं गेज कोण तपासतं?

इथे माझ्या डोक्यात साधा प्रश्न आला. गेजवर विश्वास का ठेवायचा? त्याचं माप कुणी तपासलं?

याचं उत्तरही बंदुकीच्या कारखान्यातच सापडलं. कार्ल एडवर्ड योहान्सन हा स्वीडनमधल्या एस्किलस्टूना इथल्या सरकारी रायफल कारखान्यात होता. १८९६ मध्ये तो जर्मनीत ओबर्नडॉर्फला माउझरच्या कारखान्यात गेला होता. तिथे प्रत्येक मापासाठी वेगळं गेज, अशी ढिगाने गेजं होती. परतताना ट्रेनमध्ये त्याला सुचलं की मोजके पोलादी ठोकळे नीट निवडले तर ते एकमेकांना चिकटवून हवं ते माप तयार करता येईल. त्याच्या १०२ ठोकळ्यांच्या संचातून सुमारे २०,००० मापं बनत होती. ठोकळे घासायला त्याने बायकोचं शिलाई मशीन बदलून घेतलं होतं.

हेच आपले स्लिप गेज. आज कुठल्याही कारखान्याचं माप मागे मागे तपासत गेलात तर वाटेत हे ठोकळे भेटतातच. तुमच्या फोनचा टाइप-सी चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनमध्ये बसतो, त्यामागेही हीच पद्धत आहे. आधी सगळ्यांनी मान्य केलेलं रेखाचित्र, मग त्यावरून बनलेलं गेज, मग ते गेज तपासणारं आणखी अचूक माप. धातू तापला की फुगतो, म्हणून तापमानही ठरलेलं आहे, २० अंश सेल्सिअस.

म्हणजे ऑनलाइन दुकानातला गेजचा फोटो म्हणजे गेज नव्हे. त्यामागे ही साखळी आहे का, तेवढंच महत्त्वाचं.

शोध आणि पहिली ठेच

विक्रेत्याने दादाला सांगितलं होतं की रायफल ‘८ × ५६’ची आहे. मी तेच टाइप केलं. एका दुकानात गेज लगेच दिसलं, किंमतही बरी होती. दादा ऑर्डर करणारच होता. मी सहज वर्णन उघडलं तर तिथे लिहिलं होतं, ‘८ × ५६ मॅनलिखर-शोनॉअर’.

गंमत बघा. नावात मॅनलिखर आहे, आकडेही तेच आहेत, पण हे काडतूस वेगळं. ते खांद्यावर टेकतं, त्याला बाहेर आलेली रिमच नाही. दादाला हवं होतं ते ‘८ × ५६ आर’. शेवटचा ‘आर’ म्हणजे रिम. एका अक्षराने काडतूस कुठे टेकतं तेच बदलतं, म्हणजे गेजचा अख्खा आकारच बदलतो. त्या दुकानाच्या सर्चने तो ‘आर’ सरळ गाळून टाकला होता.

मग मी बसून यादी केली. नुसतं ‘आठ एमएम’ म्हटलं तर त्यात जर्मन ८ × ५७ येतं, फ्रेंच लेबेल येतं, ८ × ५६ शोनॉअर, ८ × ५६ आर आणि ८ × ५० आर येतं. गोळीची जाडीही सारखी नाही. जर्मन ८ × ५७ आयएसची गोळी ०.३२३ इंचाची आणि ८ × ५६ आरची ०.३२९ इंचाची. सगळ्यांचं टोपणनाव मात्र एकच. युनिक आयडी नसलेला डेटाबेस कसा त्रास देतो, ते मला ऑफिसात रोज दिसतं. इथेही तेच होतं.

नाव नको, रेखाचित्र हवं

आता मी शोधायची पद्धत बदलली. दुकानं बंद केली आणि मानक ठरवणाऱ्या संस्था बघितल्या. अमेरिकेत सामी आहे, १९२६ ची. युरोपात सी.आय.पी. आहे, १९१४ ची. दोघींकडे काडतुसाची आणि चेंबरची रेखाचित्रं असतात, मापं आणि मर्यादांसकट, आणि ती फुकट बघता येतात. सामीच्या यादीत मुख्यतः अमेरिकेत चालणारी काडतुसं आहेत. जुनं युरोपियन काडतूस असेल तर सी.आय.पी.कडे आधी बघावं.

दादाने रेखाचित्र क्लबच्या गनस्मिथला दाखवलं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, “नळीच्या बुडावर ‘एस’ कोरलंय का?”

हा प्रश्न आम्हाला दोन महिन्यांत पडलाच नव्हता. एम १८९५ मुळात ८ × ५० आर या काडतुसासाठी बनली. पुढे १९३०च्या दशकात ऑस्ट्रिया आणि हंगेरीने बऱ्याच रायफली नव्या, टोकदार गोळीच्या ८ × ५६ आरसाठी बदलून घेतल्या. बदललेल्या रायफलवर ऑस्ट्रियात ‘एस’ आणि हंगेरीत ‘एच’ असा मोठा शिक्का मारला. दोन्ही अक्षरांचा अर्थ एकच, टोकदार.

दादाच्या रायफलवर ना ‘एस’ होता, ना ‘एच’.

शिक्का नाही म्हणजे बदल नाहीच, असं गनस्मिथने धरलं नाही. त्याने चेंबरचा साचा घेतला. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू असतो. तो ७१ ते ८८ अंशांत, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही आधी वितळतो. चेंबरमध्ये ओतला की घट्ट होतो, पहिल्या अर्ध्या तासात किंचित आक्रसतो म्हणून सहज बाहेर निघतो, आणि साधारण तासाभराने फुगून चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. तेव्हा मोजायचं.

मोजलं. चेंबर ८ × ५० आरचं निघालं. विक्रेत्याने सांगितलेलं नावच चुकीचं होतं.

आम्हाला ८ × ५६ आरचं योग्य गेज सापडलं असतं तरी ते या रायफलसाठी निरुपयोगी होतं. दादाने पुंगळ्यांचीही ऑर्डर टाकली होती, ती रद्द केली. मी त्याला विचारलं, “त्या सहा मिलिमीटरने लांब पुंगळ्या आत बसल्या नसत्या तर काय केलं असतंस?” तो जरा थांबून म्हणाला, “खरं सांगू? थोडं कापून घासून बसवलं असतं.” मला मावशीचा निरोप आठवला.

मग गेजचं काय झालं?

तयार मिळालं नाही. पण रिमवाल्या काडतुसाची एक सोय असते. हेडस्पेस रिमच्या जाडीवर असल्याने त्याचं गेज साधं असतं. पॉइंट ३०३ ब्रिटिशची ठरलेली मापं ०.०६४ आणि ०.०७४ इंच आहेत, फक्त जाडीची. गनस्मिथने ८ × ५० आरच्या रेखाचित्रावरून लेथवर दोन गेजं बनवली आणि स्लिप गेजने तपासली. ‘गो’वर बोल्ट बंद झाला, ‘नो-गो’वर झाला नाही.

पुंगळी तपासायला दादाने कंपॅरेटर घेतला. कॅलिपरच्या जबड्यात बसणारी ही एक छोटी गोल खाच असते, ती पुंगळीच्या खांद्यावर टेकते. तो आकडा मानकाशी ताडून बघायचा नसतो. आपल्याच रायफलमधून निघालेल्या पुंगळीशी बाकीच्या पुंगळ्यांचा फरक तेवढा कळतो. म्हणजे तो ‘डिफ’ आहे. फरक बघायला उत्तम, पण त्यावरून ‘रायफल सुरक्षित आहे’ असं म्हणता येत नाही. ते सांगायला गेजच लागतं.

तुमच्या कामाचं काय?

रायफल तुम्ही कधीच हातात धरणार नाही, मीही नाही. पण स्कूटरचं बेअरिंग, कुकरचा व्हॉल्व्ह, गॅसचा रेग्युलेटर, फोनची बॅटरी यांचे पार्ट आपण सगळे ऑनलाइन शोधतो. तेव्हा हा क्रम लक्षात ठेवा.

१. आपल्याकडे नेमकं काय आहे ते आधी वस्तूवरूनच ठरवा. विकणाऱ्याच्या शब्दावर नाही.

२. पूर्ण नाव वापरा. शेवटचं अक्षर गाळू नका, सर्चने गाळलं तर पकडा.

३. दुकानाआधी मानक किंवा कंपनीचं रेखाचित्र उघडा.

४. ‘बसतंय’ आणि ‘मापात आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. चूक झाली तर अंगावर बेतणारं काम असेल, तर शेवटची तपासणी जाणकाराच्या हातून करा.

आता शेवटची एक गंमत. ८ × ५० आरबद्दल वाचताना कळलं की हे काडतूस आपल्याला अगदीच परकं नाही. लष्कराचं पॉइंट ३०३ नागरिकांच्या हाती नको, असं ब्रिटिशांचं धोरण होतं. त्यामुळे भारतात शिकारी रायफलींसाठी पॉइंट ३१५ चाललं, आणि ते याच ऑस्ट्रियन पुंगळीवरून आलेलं आहे. बातम्यांमध्ये ‘८ एमएम केएफ’ असं कोरलेल्या पुंगळीचा उल्लेख कधी वाचला असेल. त्यातलं ‘के’ म्हणजे किर्की, आपली पुण्याची खडकी. माझ्या रोजच्या लोकलच्या रस्त्यावरचं स्टेशन.

हे दादाला सांगितलं तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, “मग पॉइंट ३१५चं गेज चालेल की मला!”

मी म्हटलं, “दादा, आधी रेखाचित्र.”