वैशाखांतील शेवटचा फेरा

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं आगरें किनाऱ्यावर आणि बिऱ्हाडें मुंबईस किंवा पुण्यास आहेत, त्यांस आपलें आगर वर्षांतून दोन वेळां दिसतें. एकदां गणपतीस व एकदां मुलांच्या सुटींत. बाकीचे दिवस तें दुसऱ्याच्या नजरेवर उभें असतें. दक्षिण कोंकणांत व गोव्यांत ज्यास पाडेली म्हणतात तो हा दुसरा माणूस. नारळ-सुपारी पाडणें हें त्याचें लोकांस दिसणारें काम. न दिसणारें काम पुष्कळ अधिक, आणि त्यांतलें बरेंचसें वैशाखांत पडतें. 2025 च्या मे महिन्याच्या आरंभीं श्रीवर्धन तालुक्यांतील अशा एका गृहस्थांबरोबर आम्ही दोन दिवस फिरलों. वय साठीच्या घरांत. गांवांत सर्व त्यांस काका म्हणतात व आम्हीही तेंच म्हणतों. त्यांच्याकडे अकरा आगरें आहेत. त्यांतलें एक, वीस गुंठ्यांचें, आमचें.

काम सकाळीं सहास सुरू होतें. पोफळीचें आगर दाट असलें म्हणजे चढणारा प्रत्येक झाडासाठीं खालीं उतरत नाहीं. शेंड्यापाशीं जाऊन तो झाड झुलवितो आणि शेजारची पोफळ हातीं येतांच तिच्यावर जातो. एका चढाईंत अशीं कित्येक झाडें होतात. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलें आणि पोफळींच्या ओळींच्या ओळी मोडून पडल्या. उरलेल्या पोफळी इतक्या विरळ आहेत कीं कितीही झोका घेतला तरी पलीकडची हातीं लागत नाहीं. काकांस आतां प्रत्येक झाड उतरून दुसऱ्यावर पुन्हा चढावें लागतें. मजुरी मात्र कांहीं मालक अद्याप झाडामागें जुन्याच दरानें देतात. हें गाऱ्हाणें काकांनीं सांगितलेलें नाहीं. खालीं उभें राहून त्यांची चढउतार मोजतां आमच्याच ध्यानांत आलें, आणि त्या मालकांत आपणही आहों हेंही ध्यानांत आलें.

वादळानंतर 2021 च्या पावसाळ्यांत लावलेलीं रोपें आम्ही पाहिलीं तेव्हां चार वर्षांचीं होत आलीं होतीं. पोफळ फळावर येण्यास पांच-सात वर्षें लागतात, म्हणजे मालकाचा पैसा अडकून पडण्याचा हा काळ. या वयांत तिचा मोठा वैरी दुपारनंतरचें ऊन. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उन्हानें कोंवळ्या खोडावर प्रथम सोनेरी पिवळे डाग पडतात, पुढें तेथेंच साल तडकते, आणि मग एखाद्या वाऱ्याच्या दिवशीं झाड नेमकें त्या जागीं मोडतें. म्हणून काका वैशाखांत प्रत्येक रोपाच्या दक्षिण व पश्चिम अंगास माडाची झावळी किंवा पोफळीची वाळलेली विरी बांधतात. जेथें विरी पुरत नाहीं तेथें चुना लावतात. एका आगरांत मालकानें मुंबईहून फोन करून मधल्या केळी काढविल्या होत्या. केळ पाणी फार पिते असें त्यांस कोणी सांगितलें. पाणी ती पिते हें खरें, पण तिच्या सावलींत उभी असलेली पोफळ उघडी पडली. तीन ओळींत सोनेरी डाग उठलेले आम्हीं पाहिले. काकांनीं दिवसभर त्याच ओळी झांकल्या आणि मालकांस कांहीं कळविलें नाहीं. आमच्या मतें कळवावयास हवें होतें.

पाण्याची गोष्ट थोडक्यांत. समुद्रालगतच्या वाळूट जमिनींत गोडें पाणी खाऱ्यावर तरंगत असतें. उन्हाळ्याच्या अखेरीस पंप एकसारखा चालविला तर खालचें वर येतें. रहाटाच्या दिवसांत विहीर बेतानें उपसली जाई, हा त्या संथपणाचा एक गुण होता. काका पंप सकाळीं तासभर व सायंकाळीं तासभर लावतात, मध्यंतरीं विहीर भरूं देतात, आणि रोज पाणी जिभेस लावून पाहतात. आळ्यांत पालापाचोळ्याचें जाड आच्छादन असल्याशिवाय या वेळापत्रकानें शिंपणें पुरत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं माडांकडे वळलों. काका प्रथम वर पाहत नाहींत, शेणखताच्या खड्ड्याकडे जातात. गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात त्या कुजक्या खतांत आणि कुजक्या लांकडांत. पावसाच्या सुरुवातीस भुंगे बाहेर पडून माडाच्या शेंड्यांत शिरतात व न उमललेली सुई पोखरतात. तें पान उमलतें तेव्हां कात्रीनें पंखा कापावा तसें दिसतें. म्हणून वैशाखांत खत उलथून अळ्या वेंचावयाच्या, खड्ड्यावर मेटारायझियम या हिरव्या बुरशीचें पाणी शिंपडावयाचें, आणि मग माडावर चढून वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू व निंबोळी पेंड भरावयाची. आंत भुंगा असलाच तर टोंकाशीं आकडा असलेल्या सळईनें ओढून काढतात. हिरवी झावळी कापावीच लागली तर काका खोडाजवळ कापीत नाहींत. हातभराहून लांब देंठ ठेवतात, कारण ओल्या जखमेच्या वासानें सोंड्या भुंगा येतो आणि त्यानें पोखरलेला माड सहसा वांचत नाहीं.

येथें आमचा स्वतःचा दोष सांगितला पाहिजे. वादळांत आमचे सात माड पडले. ते कापून नेण्याची मजुरी आम्हांस जड वाटली, म्हणून ओंडके कुंपणाच्या कोपऱ्यांत रचून ठेविले. पुढील दोन पावसाळे त्या ढिगांतून भुंगे निघत राहिले. ते आमच्याच माडांवर थांबले असते तर बोलावयास जागा नव्हती; पण कुंपणापलीकडे काकांच्याच हातीं असलेल्या आगरांत नवीन लावलेल्या नऊ माडांपैकीं चार त्यांनीं खाल्ले. त्या मालकांनीं आम्हांस शब्द लाविला नाहीं. पहिल्या पावसाळ्यापूर्वींच काकांनीं ओंडके फोडून जाळण्याविषयीं सांगितलें होतें.

इतकें होऊनही आम्ही शहाणे झालों नाहीं. निघतांना काका म्हणाले, "मोरचूद व चुना आतांच आणून द्या. मृगाची वाट पाहूं नका." सुपारीच्या कोळे रोगावर पाऊस लागण्यापूर्वीं एक व त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं दुसरी, अशा बोर्डो मिश्रणाच्या दोन फवारण्या ते करतात. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यांत, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरांत. भांडें लोखंडी नसावें, मोरचुदाचें पाणी ढवळीत ढवळीत चुन्याच्या पाण्यांत ओतावें, आणि शेवटीं सुरीचें लोखंडी पातें बुडवून पाहावें. पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालावा. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें लागतें. मृगास अजून महिना आहे, पुढच्या आठवड्यांत पाठवितों, असें आम्ही म्हणालों.

त्या वर्षीं मोसमी पाऊस 25 मे रोजींच तळकोंकणांत पोहोंचला व दुसऱ्या दिवशीं मुंबईस. मुंबईची ठरीव तारीख 11 जून. पंचांगांत वैशाख अजून संपावयाचा होता. ज्या चार मालकांनीं सामान वेळेवर दिलें होतें त्यांचीं आगरें काकांनीं वीस तारखेच्या आधींच उरकलीं होतीं. जूनच्या आरंभीं पावसाचा जोर ओसरला तेव्हां उरलेल्या सातांस एकदम घाई झाली. आमचें मोरचूद सर्वांत शेवटीं आलें, म्हणून आमची पाळी शेवटची. त्यांत चूक कांहींच नाहीं. विहिरीच्या पश्चिमेकडील अर्धें आगर फवारून झालें आणि पाऊस परत आला.

श्रावणांत आम्ही गेलों. विहिरीच्या पश्चिमेस जमीन बहुधा स्वच्छ होती. पूर्वेस हिरव्या सुपाऱ्यांचा सडा, देंठाशीं पाणचट काळपट डाग, आणि जुन्या पडलेल्या फळांवर पांढरी बुरशी. काका पावसांतच त्या वेंचून टोपलींत भरीत होते. रोगट घोस त्यांनीं आधींच उतरवून टाकले होते, आणि त्या ओळींतही झाडें विरळ असल्यानें प्रत्येक पोफळ वेगळी चढावी लागली होती. आम्हीं मजुरी चढाईमागें देण्याचें ठरवून तेथेंच सांगितलें. त्यांनीं मान हालविली आणि टोपली पुरावयास खड्ड्याकडे नेली.

दिवाळीस तीन किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या डब्यांत बंद करून आम्हीं काकांच्या पडवींत ठेविलें. कळीचा चुना हवेनें फुलून निकामी होतो, सबब तो एप्रिलच्या अखेरीस घ्यावयाचा, असें त्यांनीं डब्यावर खडूनें लिहून ठेविलें आहे.