सहा त्रिकोणांची सुरत

सुरतेच्या सादेली कामाची पेटी हातात आली की आधी झाकण उघडू नये, त्यावरचा षट्कोन पाहावा. एकेक तुकडा लाकडात बसवून तो केलेला नसतो. शिसवी, हाड, कथील आणि पूर्वी हस्तिदंत यांच्या लांब, त्रिकोणी छेदाच्या काड्या नक्षीच्या क्रमाने जुळवायच्या, सरस लावून दोऱ्याने घट्ट आवळायच्या, वाळल्यावर ती कांब करवतीने आडवी कापायची. प्रत्येक कापावर तीच नक्षी उमटते. हे पातळ काप मग पेटीवर शेजारी शेजारी चिकटवतात.

ही कला इराणातल्या शिराझहून आली असे मानतात. सुरतेत ती पारशी कारागिरांनी रुजवली. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या विलायतेत ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून गेल्या. भारतीय कारागिरीवर लिहिणाऱ्या जॉर्ज बर्डवुडनेही 1880 च्या आपल्या ग्रंथात या कामाची दखल घेतली. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्यावर त्याची जागा प्लास्टिकने घेतली. भूमिती मात्र तीच राहिली.

साठ अंशांचे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती फट न ठेवता मिटतात, हे त्या भूमितीचे मर्म. संगणकावर नक्षी करणाऱ्यालाही हाच हिशोब सांभाळावा लागतो. इंकस्केप या चित्र काढण्याच्या संगणकप्रणालीत एक पाकळी काढावी, तिचे फिरण्याचे केंद्र टोकाशी आणावे आणि ‘टाइल्ड क्लोन्स’मध्ये एक ओळ, सहा स्तंभ, दर स्तंभाला 60 अंशांची फिरणी असे भरावे. आडवे सरकणे उणे 100 टक्के ठेवायला विसरू नये, नाहीतर फूल न होता पाकळ्यांची रांग लागते. त्याच चौकटीत सममितीचे 17 प्रकार दिसतात. सपाट पृष्ठावर दोन दिशांनी पसरणाऱ्या नक्षीचे प्रकार एवढेच, हे रशियाच्या स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरोव्हने 1891 मध्ये सिद्ध केले. त्यांत पंचकोनी फिरणीला जागाच नाही.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते मूळ आकृतीचे स्थान. पडद्यावर मूळ पाकळी वाकवली की सगळे क्लोन, म्हणजे तिच्या प्रती, वाकतात, चूक केव्हाही सुधारता येते. सादेलीच्या कांबीत एक काडी तिरकी बसली, तर कांबीच्या प्रत्येक कापात ती तिरकीच निघते. म्हणून तिथे सगळे कसब करवत उचलण्याआधीच पणाला लागते.

हीच नक्षी साडीवर छापायची, तर आणखी एक बंधन येते: छपाईची गोल जाळी. रोटरी छपाईच्या नेहमीच्या जाळीचा घेर 64 सेंटिमीटर, त्यामुळे नक्षी उभ्या दिशेला 64 सेंटिमीटरला किंवा त्याच्या पूर्ण भागाला, जसे 32 किंवा 16 ला, मिटली पाहिजे. षट्कोनी नक्षीचा पुन्हा पुन्हा येणारा आयत घेतला, तर त्याची उंची रुंदीच्या 1.732 पट असते. उंची 16 धरली की रुंदी सुमारे 9.24 सेंटिमीटर येते. असे चार आयत घेरात बरोबर बसतात. आडव्या अंगाला जोड जुळवायचा नसल्याने तिथला अपूर्णांक साडीच्या काठापर्यंत बिनधास्त चालतो.