दिवा पाथरीत लागतो, पाणी गोदावरीचं लागतं

संध्याकाळचे सात वाजले की पाथरीत घरोघरी दिवे, पंखे, कूलर, टीव्ही एकदम सुरू होतात. पाण्याची मोटारही तेव्हाच. मग व्होल्टेज उतरतं, कधी डीपीच जळते आणि दोन-दोन दिवस मोहल्ला अंधारात. आपण महावितरणला बोल लावतो. तक्रार करायलाच हवी, पण वीज येते कशी, हेही समजून घेऊ.

वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येत नाही. थोडीफार बॅटरीत साठते, बाकीची ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार करावी लागते. दिवसा सौर ऊर्जा मदतीला असते. सूर्य मावळला की ती थांबते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. मग भार येतो औष्णिक केंद्रांवर, म्हणजे कोळशावर आणि पाण्यावर.

हे पाणी कुठलं? आपल्या ढालेगाव बंधाऱ्यातली गोदावरीच पुढे सोनपेठजवळच्या खडका बंधाऱ्यात जाते आणि तिथून परळीच्या वीज केंद्राला पाणी मिळतं. 2013 आणि 2015 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा असून उपयोग झाला नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी मर्यादा घातली: एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी. आता हिशेब करू. जुना पंखा साधारण 75 वॉटचा, नवा बीएलडीसी पंखा 28 ते 30 वॉटचा. रोज बारा तास चालला तर महिन्याला 16 ते 17 युनिट वाचतात. म्हणजे बिल तर कमी होतंच, शिवाय एका पंख्यामागे पन्नास-साठ लिटर पाणीही वाचू शकतं.

पंखा बदलायला पैसे लागतात, वेळ बदलायला लागत नाहीत. टाकी भरणं, इस्त्री, वॉशिंग मशीन ही कामं दुपारी उरकावीत. रमजानमध्ये इफ्तारच्या तोंडावर मशिदीची मोटार लावण्यापेक्षा जोहरनंतरच टाकी भरून ठेवावी. आकडा टाकणाऱ्यालाही समजवावं, कारण त्याचा भार सगळ्यांच्या डीपीवर येतो.

शेतकऱ्याला पाणी द्यायला रात्री साप-विंचवाच्या वाटेने जावं लागतं, म्हणून शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी रास्तच आहे. 2017 पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याचसाठी आहे. ती आपल्या फीडरवर कधी येणार, हे आपण विचारत राहू. तोवर संध्याकाळचं एक बटण तरी आपल्या हातात आहे.