दुखण्याची गोळी सोडताना

आपल्या वस्तीत अंगमेहनतीवर न चालणारे घर विरळाच. कोणी हमाली करतो, कोणी गटारात उतरतो, कोणी चौथ्या मजल्यावर विटा चढवते. चाळिशी आली की कंबर धरते आणि घरात गोळी येते. सुरुवातीला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पुढे मेडिकलवाल्याच्या ओळखीवर. ही गोळी बरीच वर्षे घेऊन सोडताना काय होते, ते आम्ही आमच्या ताईच्या घरी डोळ्यांनी पाहिले. म्हणून लिहितो आहोत.

आमचे दाजी माथाडी कामगार. २०१९ च्या पावसाळ्यात गोणीसकट फळीवरून घसरले आणि मणक्याची गादी सरकली. डॉक्टरांनी १० दिवसांसाठी ट्रामाडोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या. कळ थांबली, दाजी कामावर गेले. हातावर पोट असलेल्या माणसाला याहून मोठे औषध कोणते? पण १० दिवसांची ३ वर्षे झाली आणि दिवसाला दोनाच्या सहा झाल्या. चिठ्ठी तीच, घडीवर फाटलेली. पुढे दुकानात तीही कोणी मागेना.

ट्रामाडोल हे अफूच्या कुळातले औषध. मॉर्फिन व कोडीन थेट अफूत सापडतात. ट्रामाडोल कारखान्यात बनते, पण मेंदूतल्या त्याच कुलपांना त्याची किल्ली लागते. म्हणूनच एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. दाजींना हे कोणीच सांगितले नव्हते.

२०२२ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दाजी आणि ताई नागपूरला गेले. दीक्षाभूमीवर नशामुक्तीवर कोणीतरी बोलत होते. दारूविषयीच बोलत होते, पण दाजींना ते आपल्यालाच लागले. पाचवे शील आपण रोज सहा वेळा मोडतो, असे त्यांच्या मनाने घेतले. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस! त्यांनी खिशातली पाकिटे तिथेच टाकून दिली आणि परतीच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी गाडीतच सुरू झाले. आधी जांभयांवर जांभया, मग शिंका, नाकाडोळ्यांतून पाणी. अंगावर काटा आणि वर घाम. पोटात मुरडा येऊन जुलाब लागले. खच्चून भरलेल्या डब्यात एका माणसाला चार वेळा संडासापर्यंत वाट काढावी लागली, तेव्हा लोक नाकाला रुमाल लावू लागले. कल्याणला उतरताना पाय थरथरत होते. घरी आल्यावर दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. पाय सारखे झटकावेसे वाटत, कंबर तर पडल्या दिवशीपेक्षा जास्त ठणके. थोरल्या दिरांनी दारातूनच निकाल दिला, "हा गर्दुल्ला झाला." तिसऱ्या रात्री दाजींनी धाकट्या मुलाला दुकानात पाठवले. एक कॅप्सूल पोटात गेली आणि तासाभरात माणूस शांत झाला, भाकरी मागू लागला. मग ताटावर बसूनच रडले.

हे असे का होते, ते पुढे सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला नीट समजावले. हे औषध आतड्यांची चाल मंद करते, म्हणून घेणाऱ्याला बद्धकोष्ठ असतो. शरीरही वर्षानुवर्षे त्याविरुद्ध जोर लावायला शिकलेले असते. औषध एकदम काढले की समोरचा भार जातो आणि शरीराचा जोर तसाच राहतो. जे जे दाबलेले होते ते ते उसळते. आतडी धावू लागतात, नाक गळते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, झोप उडते. वेदनेचेही तेच. म्हणून कंबर पुन्हा मोडली असे वाटते. बहुतेक वेळा ती मोडलेली नसते. गर्द सोडणारे यालाच ‘टर्की’ म्हणतात. ट्रामाडोलमध्ये शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतो आणि आठ-दहा दिवसांत अंग ताळ्यावर येते. झोप आणि मन मात्र काही आठवडे, कधी काही महिने घेतात. हे औषध मनाच्या रसायनांवरही काम करते, त्यामुळे काहींना भीतीचे झटके येतात, अंगात करंट गेल्यासारखे होते, भास होतात.

म्हणजे अंगाला सवय लागणे ही एक गोष्ट आणि नशेसाठी गोळीमागे धावणे ही दुसरी. दुसरी असली तरी तोही आजारच, त्यालाही उपचार आहेत. पण दाजींनी नशेसाठी एकही गोळी घेतली नव्हती. शील मोडल्याचे म्हणाल, तर भिक्खूंना आजारपणात औषध घ्यायची मुभा खुद्द भगवंतांनी दिली होती. विनयपिटकात औषधांवर अख्खे प्रकरण आहे. हे आम्ही दाजींना सांगितले. त्यांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी ते दवाखान्यात यायला तयार झाले.

डॉक्टरीणबाईंचे पहिले वाक्य होते, "एकदम बंद करायला कोणी सांगितले?" अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली याच गोष्टीचा इशारा दिला आहे. अशी औषधे एकाएकी तोडल्याने तीव्र त्रास, वाढलेली वेदना आणि आत्महत्येचे विचारसुद्धा आढळले आहेत. वर्षभराहून अधिक काळ घेणाऱ्यांची मात्रा महिन्याला सुमारे दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही हळू उतरवावी, असे तिथल्याच सीडीसी या आरोग्यसंस्थेने २०२२ साली म्हटले. दाजींची महिन्याला एक कॅप्सूल कमी केली. तिसऱ्या महिन्यात त्रास वाढला, तेव्हा तिथेच दोन महिने थांबवले. शेवटची कॅप्सूल सुटायलाही दोन महिने लागले. दाजींना वाटे, आपण हरलो. बाई म्हणत, थांबणे म्हणजे मागे जाणे नव्हे.

ही पायरी घरी बसून स्वतः ठरवू नये. एसआर लिहिलेली गोळी मोडायची किंवा कुटायची नाही, दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. गरोदर बाईने तर डॉक्टरांशिवाय एकही गोळी कमी करू नये. ज्यांना पायरीपायरीने उतरणे जमत नाही, त्यांच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रांत जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी असते. थरथर व घाम कमी करणारी औषधेही असतात, पण त्यांनी रक्तदाब उतरतो, म्हणून तीही देखरेखीखालीच.

ताईने घरात काय केले? जुलाबाच्या दिवसांत ओआरएस, तांदळाची पेज, ताकभात. रात्री पायांना गरम पाण्याचा शेक. गोळ्या तिच्या पेटीत, रोजच्या तेवढ्याच हातात. संध्याकाळी बुद्धविहारापर्यंत दोघे चालत जात. आणि दिरांना तिने स्पष्ट सांगितले, "तो शब्द या घरात नको." आमच्या मते सर्वांत मोठे औषध हेच ठरले.

एक धोका मात्र प्रत्येक घराने ध्यानात ठेवावा. काही दिवस गोळी सुटली की शरीराची पूर्वीची सहनशक्ती जाते. मग एखाद्या रात्री कळ असह्य झाली आणि माणसाने जुन्या हिशेबाने मूठभर गोळ्या घेतल्या, तर श्वास बंद पडू शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर हा धोका दुप्पट समजा. ट्रामाडोल जास्त झाले की फिटही येते. माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास मंद घुरघुरता झाला असेल, ओठ काळेनिळे पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवून लगेच १०८ वर फोन करावा. आणि "आता जगून काय करू" असे कोणी बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नये.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. चिठ्ठीवर औषध घेणे हा गुन्हा नाही. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला थोड्या मालाच्या बाबतीत खटल्यापासून संरक्षण आहे. १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ त्यासाठीच आहे.

दाजींची कंबर आजही दुखते. ते खोटे कशाला सांगावे? गोण्या सोडून ते आता काट्यावर वजने लिहितात. पगार कमी आला, ताईने शिवणाचे मशीन घेतले. सकाळी डॉक्टरांनी शिकवलेले कंबरेचे व्यायाम करतात, आणि पुन्हा नीट झोप लागायला त्यांना वर्ष लागले.

कोणाच्या घरी असे असेल तर केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचा व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. मन खचले असेल तर टेलि-मानसचा १४४१६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. जवळच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग कुठे बसतो, तेही विचारावे. जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि जुने कागद बरोबर न्यावेत, आणि दिवसाला किती गोळ्या जातात तो आकडा खरा सांगावा. दाजींनी पहिल्या दिवशी तीन सांगितल्या होत्या. ताईने शेजारून सहा बोटे दाखवली.