लोहमार्ग पोलीस : कार्यस्वरूप आणि आव्हाने
(विशेष संदर्भ : मुंबई उपनगरीय रेल्वे)

प्रस्तावना :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी रेल्वे धावली. आज मुंबईच्या उपनगरीय रेल्वेतून दररोज लाखो प्रवासी ये-जा करतात. या प्रवाशांच्या जीविताची व मालमत्तेची जबाबदारी ज्या यंत्रणेवर आहे, त्या लोहमार्ग पोलिसांविषयी मात्र सुशिक्षित समाजातही पुरेशी माहिती आढळत नाही. प्रस्तुत लेखात या दलाची रचना, त्यातील अधिकारी व कर्मचाऱ्यांचे दैनंदिन काम आणि त्यांच्यासमोरील आव्हाने यांचा विचार केला आहे.

रचना व कायदेशीर आधार :
रेल्वे हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय असला, तरी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पोलीस या विषयातच रेल्वे पोलिसांचा समावेश केलेला आहे. त्यामुळे लोहमार्ग पोलीस हे राज्य पोलीस दलाचेच अंग ठरते. महाराष्ट्रात मुंबई येथे लोहमार्ग पोलीस आयुक्तालय असून पुणे, नागपूर येथे अधीक्षक कार्यालये आहेत. या दलाच्या खर्चाचा भार राज्य शासन व रेल्वे यांनी निम्मा-निम्मा उचलावा, अशी व्यवस्था आहे.

सामान्य प्रवासी लोहमार्ग पोलीस आणि रेल्वे सुरक्षा दल यांत अनेकदा गल्लत करतो. रेल्वे सुरक्षा दल हे १९५७ च्या कायद्यान्वये चालणारे केंद्रीय दल असून रेल्वेच्या मालमत्तेचे रक्षण हे त्याचे मूळ कार्य होय. खून, चोरी, विनयभंग यांसारख्या गुन्ह्यांची नोंद व तपास मात्र लोहमार्ग पोलिसांकडे असतो. ३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका शिपायाने आपल्या वरिष्ठासह चौघांना गोळ्या घालून ठार केले. या गुन्ह्याची नोंद बोरिवली लोहमार्ग पोलीस ठाण्यात झाली. दोन्ही यंत्रणांच्या अधिकारांतील फरक या घटनेतून स्पष्ट होतो.

कामाचे स्वरूप :
शहरातील पोलीस ठाण्याची हद्द वस्तीची असते; लोहमार्ग पोलीस ठाण्याची हद्द रुळांची, फलाटांची आणि धावत्या डब्यांची असते. येथे फिर्यादी, साक्षीदार व आरोपी हे तिघेही प्रवासात असतात. लांब पल्ल्याच्या गाडीत रात्री चोरी होते आणि ती सकाळी, शेकडो किलोमीटर पुढे गेल्यावर लक्षात येते. अशा वेळी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित हद्दीत वर्ग करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने या पद्धतीला वैधानिक आधार दिला. तथापि, गुन्हा नेमका कोणत्या स्थानकांदरम्यान घडला हे ठरविण्याचे कठीण काम तपास अधिकाऱ्यालाच करावे लागते.

अपमृत्यूंची हाताळणी हा या कामाचा सर्वांत क्लेशदायक भाग होय. मुंबई उपनगरीय मार्गावर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून व इतर कारणांनी २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्टेशन मास्तरचा मेमो येताच पोलीस हवालदार घटनास्थळी पोहोचतो. गाड्यांची ये-जा चालू असतानाच मृतदेह हलवावा लागतो, पंचनामा करावा लागतो, ओळख पटवून नातेवाइकांना कळवावे लागते. ओळख न पटल्यास शोधाचे काम पुढे चालूच राहते.

पंचनाम्याचे महत्त्व :
या पंचनाम्याचे परिणाम दूरगामी असतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार गाडीतून पडून मृत्यू पावलेल्या प्रवाशाच्या वारसांना भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम ४ लाखांवरून ८ लाख रुपये झाली. मात्र आत्महत्या असल्यास किंवा मृत व्यक्ती प्रवासी नसून रूळ ओलांडणारी असल्यास या कलमाचा लाभ मिळत नाही. केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा फेटाळता येणार नाही, तसेच रेल्वेच्या हद्दीत मृतदेह सापडला एवढ्यावरून ती व्यक्ती प्रवासी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले. साहजिकच मृतदेहाची जागा, जखमांचे स्वरूप, खिशातील वस्तू यांच्या नोंदींना निर्णायक महत्त्व येते. घाईत लिहिलेले एक वाक्य एखाद्या कुटुंबाचा आधार हिरावून घेऊ शकते. ही जबाबदारी बहुधा कनिष्ठ श्रेणीतील कर्मचाऱ्यावर पडते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रमुख आव्हाने :
पहिले आव्हान सुरक्षेचे आहे. रेल्वे स्थानक सर्वांना खुले असते. प्रत्येक प्रवाशाची झडती घेणे अशक्य असते. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात बॉम्बस्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील हल्ल्यात पन्नासहून अधिक लोक मारले गेले. तेथील लोहमार्ग पोलीस निरीक्षक शशांक शिंदे यांनाही त्यात वीरमरण आले.

दुसरे आव्हान दुहेरी संबंधांचे आहे. ज्या रेल्वेच्या जागेत व आर्थिक सहभागाने हे दल काम करते, तिच्याच कर्मचाऱ्यांचा तपास करण्याची वेळ त्याच्यावर येते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या दोन लोकलमधून प्रवासी खाली पडले. मृतांमध्ये लोहमार्ग पोलीस दलातील एका शिपायाचाही समावेश होता. या प्रकरणी नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविण्यात आला, तेव्हा रेल्वे कर्मचाऱ्यांनी आंदोलन केले व लोकलसेवा विस्कळीत झाली.

तिसरे आव्हान मानसिक स्वास्थ्याचे आहे. छिन्नविच्छिन्न मृतदेह हाताळून हाच कर्मचारी रात्री महिलांच्या डब्यात बंदोबस्ताला उभा राहतो. त्याच्या मनावरील ताणाची नोंद मात्र कोणत्याही पंचनाम्यात होत नाही.

समारोप :
अपमृत्यूच्या पंचनाम्याचे विशेष प्रशिक्षण, नियमित समुपदेशन आणि रेल्वे प्रशासनाशी समन्वय साधतानाही तपासाचे स्वातंत्र्य अबाधित ठेवणे, या तीन बाबींकडे प्राधान्याने लक्ष देणे आवश्यक आहे. यांपैकी प्रशिक्षणाला खर्च कमी आणि लाभ मोठा आहे. कारण त्याचा थेट संबंध मृताच्या वारसांच्या हक्काशी येतो. समाजशास्त्र, मानसशास्त्र व विधी या विद्याशाखांतील अभ्यासकांनीही या दुर्लक्षित क्षेत्राकडे वळावे. लोहमार्ग पोलिसांच्या कार्यक्षमतेचे मोजमाप केवळ उघडकीस आलेल्या गुन्ह्यांवरून करणे अपुरे आहे. रुळावर मृत्यू पावलेल्या अनोळखी माणसाला त्याचे नाव व त्याच्या कुटुंबाला न्याय मिळवून देणे, हेही या दलाचे तितकेच महत्त्वाचे कार्य होय.