उसनी कातडी आणि उसना केस

केशरोपणाने टकलावर केस उगवतील काय, हे सारेच पुसतात. पण ते जेथून उसने घेतले त्या जागेची विचारपूस क्वचितच होते. पूर्वी ती झाली होती. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नामक बैल हाकणाऱ्यास पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नाक बसविले. सांधा टाक्यांनी नव्हे, कात माखलेल्या पट्ट्यांनी धरला! १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ही हकीकत छापली, तीत कपाळावरील वण कालांतराने फारसा दिसत नाही, हेही नमूद आहे.

केशरोपणात डोक्यामागची कातडीची पट्टी काढून उरलेल्या कडा टाक्यांनी जुळवितात. ताण जितका अधिक, तितका वण रुंद. म्हणून पट्टी अरुंदच हवी. एका कडेची वरची त्वचा सुमारे १ मिलिमीटर तासून दुसरी कड तीवर बसविल्यास केस वणातूनच वर येतात व रेषा झाकतात. मुळे एकेक करून काढल्यास टाके लागत नाहीत. परंतु बारीक पांढुरके ठिपके राहतात, आणि केस अगदी बारीक कापणाऱ्यांचे ते उघडे पडतात. ‘वण मुळीच राहत नाही’ ही जाहिरातीची भाषा होय. ज्यांचे जुने वण फुगून वाढले असतील, त्यांनी ते शस्त्रवैद्यास आधीच दाखवावेत.